कोयत्याच्या हिशेबाबाहेर

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादम कारखान्याला सांगतो, यंदा माझ्याकडं वीस कोयते आहेत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकटी बाई किंवा एकटा गडी आला, तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, टनाचा दर जोडीने तोडलेल्या उसाला लागतो आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की फिटलं का बाकी राहिली याचा निवाडाही कोयत्याच्याच खात्यावर होतो. त्या खात्यावर नाव असतं पुरुषाचं.

घरकाम, मुलांचं संगोपन, आजाऱ्याची सेवा यांची किंमत कशी लावायची, हा प्रश्न अर्थशास्त्रात गेली पन्नासेक वर्षं चर्चेत आहे. तो बहुतेकदा शहरातल्या नोकरदार बाईच्या संदर्भात विचारला जातो: ऑफिस आणि घर यांचा मेळ तिने कसा घालायचा? बीड जिल्ह्यातून पाहिलं तर हा प्रश्न वेगळाच दिसतो. इथे बाईचं घर आणि कामाची जागा यांच्यात उंबरठाच नाही. ज्या रानात ती ऊस सोलते त्याच्याच कडेला तिची कोपी असते, आणि ज्या मजुरीवर साखर उभी आहे ती मजुरी तिच्या बिनपैशाच्या कामावर उभी आहे.

बालाघाटच्या डोंगररांगा बीड जिल्ह्यातून आडव्या जातात. माजलगाव, गेवराईकडे गोदावरीचं आणि कालव्याचं पाणी आहे, तिथे ऊसही होतो. पण पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज इथली डोंगरकडेची गावं पर्जन्यछायेतली. हलकी जमीन, एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. 1972 च्या दुष्काळानंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले आणि त्यांना लागणारे हात या डोंगरातून जाऊ लागले. आजही दसरा उलटला की ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतात. भांडी, ज्वारीचं पोतं, सरपण, कोंबड्या, लेकरं सगळं भरून माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगर आणि पलीकडे कर्नाटकात बेळगावपर्यंत जातात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे.

फडातल्या बाईचा दिवस भल्या पहाटे, अंधारातच सुरू होतो. तळावर नळ नसतो. पाणी जवळच्या विहिरीवरून, कालव्यावरून किंवा शेतकऱ्याच्या मोटारीवरून आणायचं. चूल पेटवून दोन्ही वेळेच्या भाकरी एकदमच थापायच्या, कारण दिवसभरात पुन्हा चुलीपाशी येणं होत नाही. लेकरांना उठवून, तान्ह्याला पाजून, बैलगाडी असेल तर बैलांचं पाहून उजाडायच्या आत फडात पोचायचं. तिथे साधारणपणे गडी बुडख्यातून ऊस तोडतो; बाई पाचट काढते, वाढं वेगळं करते, उसाची मोळी बांधते. मग भरणी. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं, रिकामं होऊन खाली यायचं, पुन्हा चढायचं. गाडी कारखान्याच्या सोयीने येते. ती रात्री आली तर भरणी रात्री. तान्हं पोर उसाच्या कडेला झोळीत किंवा पाचटावर निजवलेलं असतं. त्याच्यावर तिचा एक डोळा आणि एक कान सतत असतो. मोळी बांधणं आणि मूल सांभाळणं ही दोन्ही कामं ती एकाच वेळी करत असते.

संध्याकाळी तळावर परतल्यावर गड्याचा दिवस संपतो. बाईला पुन्हा पाणी, पुन्हा चूल, भांडी, धुणं. यातलं कुठलंच काम कोयत्याच्या हिशेबात येत नाही.

जानेवारी 2024 मध्ये साखर कारखाने आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत बोलणी झाली. तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे 366 रुपयांवर गेला. मुकादमाचं कमिशन 19 टक्क्यांवरून 20 टक्के झालं. यामागे मोठा लढा आहे. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यापासून अनेकांनी या कामगारांचे संप केले, कोयता बंद ठेवला, आणि प्रत्येक वेळी दर थोडा वर सरकला. ते श्रेय कुणी नाकारू नये. पण या सगळ्या वाटाघाटींत भाव ठरला तो तोडणीचा, भरणीचा, वाहतुकीचा आणि मध्यस्थीचा. जी भाकरी खाल्ल्याशिवाय सकाळी एकही कोयता चालत नाही, तिचा विषय निघालेला नाही.

जोडीची मजुरी अशी एकत्र बांधण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे 1976 पासून आहे. बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी दिली तर तिला तक्रार करता येते. इथे तिला कमी दिली असं म्हणताच येत नाही, कारण तिला वेगळी अशी मजुरीच दिलेली नसते. अर्धा ऊस तिच्या हातून गेलेला असतो, तरी कागदावर ती कामगार नसते. उचलीच्या पैशावर तिची सही नाही, ते पैसे कशावर खर्च झाले यात तिच्या शब्दाला बहुधा किंमत नाही. मात्र उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामात ती फेडायला तिला जावंच लागतं. कर्जात वाटा पूर्ण आणि कमाईत नाव नाही, अशी ही व्यवस्था आहे.

कोयता जोडीचाच का लागतो, याचं एक उत्तर उघड आहे: तोडणं, सोलणं, बांधणं, भरणं याला दोन माणसं हवीत. पण दोन गडीही हे काम करू शकले असते. दोन गड्यांची टोळी आणली, तर त्यांच्या जेवणाची, पाण्याची सोय कुणीतरी करायला हवी. जोडी आणली की खाणावळ, धुणं, आजारपण, मुलं असा मजुराला दुसऱ्या दिवशी कामावर उभं करण्याचा सगळा खर्च बाई स्वतःच्या अंगावर घेते. बिनपैशाचं काम म्हणजे घरातला खासगी मामला, असं मानणाऱ्याने उसाच्या फडाकडे पाहावं. इथे त्या कामाचा फायदा थेट उद्योगाला होतो.

देशाच्या पातळीवर या कामाची मोजदाद अलीकडची आहे. देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी 1970 च्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत माणसांच्या वेळेची पाहणी केली, तेव्हा जनगणनेत 'काम न करणाऱ्या' ठरलेल्या बायका प्रत्यक्षात दिवसभर राबत असल्याचं दिसलं. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी 1988 मध्ये पुस्तक लिहून हाच प्रश्न जगभरच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबापुढे ठेवला. आपल्याकडे पहिली देशव्यापी वेळ-वापर पाहणी व्हायला 2019 उजाडलं. तिच्यातून दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि घरकामात हात लावणारे पुरुष 97 मिनिटं. पण हा हात लावणारेच मुळात थोडे: बायकांपैकी 81 टक्के घरकाम करतात, पुरुषांपैकी 26 टक्के. 2024 च्या पाहणीत हे आकडे जेमतेम हलले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात रोज 1,640 कोटी तास असं बिनपैशाचं काम होतं आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून अधिक बायका करतात.

सरकारी पाहणीच्या कितीतरी आधी या कामाची नोंद बायकांनी स्वतः करून ठेवली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचाही आवाज आहे. दळणाच्या वेळी, पहाटेच्या अंधारात रचलेल्या या ओव्यांमध्ये कष्ट, माहेर, लेक, भाऊ, आणि माजलगावच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर असं सगळं येतं. समाजशास्त्राने बाईला अजून प्रश्नही विचारला नव्हता, तेव्हा तिने आपल्या दिवसाचा पाढा वाचलेला होता.

जोडी गावातून निघते तेव्हा मागे राहणाऱ्यांचा भार कुणावर पडतो? आजीवर. थकलेली सासू किंवा आई पाच-सहा महिने नातवंडं सांभाळते, त्यांना शाळेत धाडते, दुखलंखुपलं पाहते, शेळ्या राखते. तिच्या या कामामुळेच तरुण जोडी मोकळी होते. जिथे आजी नाही, तिथे मुलं फडावर जातात. त्यातली दहा-बारा वर्षांची पोरगी असेल, तर तळावरचं घर तिच्याकडे येतं: धाकट्यांना सांभाळायचं, पाणी भरायचं, भाकरी करायची. फडावर शाळा नसते, आणि असली तरी तिची सुटका नसते. साखरशाळांचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात वर्ग चालवले. शिक्षण हक्क कायद्यानंतर तो प्रयोग ओसरला आणि मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांवर भर आला. ही दिशा योग्य आहे. पण वसतिगृहात फक्त मुलगा राहिला आणि बहीण आईबरोबर फडावर गेली, तर घरकामाची वाटणी पुढच्या पिढीतही तशीच राहते.

मुलगी वयात आली की प्रश्न आणखी अवघड होतो. तिला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडावर उघड्या कोपीत कसं न्यायचं? या भीतीतून लवकर लग्न लावून टाकलं जातं. लग्नाने सासरी एक नवा कोयताही तयार होतो. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या 43.7 टक्के बायकांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. राज्याची सरासरी 21.9 टक्के होती. याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. मुलगी जन्माला येण्याआधी नको असते, आणि वाढली की तिच्या श्रमाशिवाय घर चालत नाही. हा दुटप्पीपणा सहन करण्यासारखा नाही.

यातल्या सगळ्यात दुखऱ्या जागेबद्दल बीडबाहेर 2019 मध्ये बोललं जाऊ लागलं. गावांत बायका सहज सांगत, माझी पिशवी काढली. पिशवी म्हणजे गर्भाशय. तिशी-पस्तिशीतल्या बायका हे सांगत होत्या. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, राष्ट्रीय महिला आयोगाने नोटीस काढली, आणि जून 2019 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट सारखे नाहीत, त्यामुळे तंतोतंत तुलना करू नये. तरीही अंतर इतकं मोठं आहे की वयाच्या फरकाने ते भरून निघत नाही.

याचं खापर काही जणांनी बायकांच्या अज्ञानावर फोडलं, काहींनी फक्त डॉक्टरांच्या हावेवर. हाव होती, पोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेणं हा गुन्हा आहे. पण ती बाई त्या दवाखान्यापर्यंत पोचली कशी, ते नीट पाहायला हवं. तळावर संडास नाही, आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला, वाळवायला जागा नाही. जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो, कारण दवाखान्यात जायचं तर कामाचा दिवस बुडतो. बुडालेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. लवकर लग्न, विशी-बाविशीपर्यंत दोन-तीन मुलं, मग नसबंदी. त्यानंतर पिशवी काय कामाची, असं तिला सगळेच सांगतात. अशा वेळी दर महिन्याचे ते चार दिवस कायमचे टळतील, हे आश्वासन तिला सुटका वाटतं. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. नंतर कंबर धरते, हाडं दुखतात, थकवा जात नाही, आणि मोळी तेवढ्याच वजनाची राहते.

आजारी पडायला वेळ नसणं ही या बाईच्या आयुष्यातली मूळ गोष्ट आहे. नोकरीतल्या बाईला 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. तीही झगडून मिळालेली आहे आणि तिचा लाभ थोड्यांनाच होतो. फडातली बाई पोटुशी असताना मोळी उचलते आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच फडात परतते. पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं, असं कारखाने कायद्याने 1948 सालीच लिहून ठेवलं. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार धरली जात नाही. मधे मुकादम आहे, आणि मुकादमाच्या वहीत तिचा नवरा आहे. हक्क तिच्यापर्यंत पोचण्याआधी दोन ठिकाणी अडतात.

घरकामाची किंमत आपल्या न्यायालयांनी मात्र मान्य केली आहे, फक्त फार उशिराच्या टप्प्यावर. जानेवारी 2021 मध्ये एका रस्ते अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेळ-वापर पाहणीतल्या त्याच 299 आणि 97 मिनिटांचा आधार घेतला आणि गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे असं म्हटलं. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी तिच्या कामाची सविस्तर जंत्री निकालपत्रात दिली. हे मोलाचं आहे. पण ही किंमत तिच्या मृत्यूनंतर वारसांना मिळते. जिवंतपणी ती कशी मिळेल, याची वाट शोधायला हवी.

तशी वाट महाराष्ट्राला नवी नाही. 1972 च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी योजना उभी राहिली. कामावर बाई-पुरुषाला एकाच दराने मोबदला आणि लेकरं सांभाळण्याची सोय, या गोष्टी सरकारी कामाचा भाग झाल्या. पुढे 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. या तरतुदीचं महत्त्व फार मोठं आहे. मूल सांभाळणं हे मातीकामाइतकंच काम आहे आणि त्याला तोच दर आहे, असं सरकारने कायद्यात लिहिलं. अंमलबजावणी पुष्कळ ठिकाणी कच्ची राहिली, तरी तत्त्व मान्य झालं. वीस कोयत्यांच्या तळावर पाच लहान मुलं सहज असतात. रस्त्याच्या कामावर जे चालतं, ते उसाच्या तळावर का चालू नये?

मागण्यांची मांडणी बीडमधूनच झाली आहे. मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या आणि महिला किसान अधिकार मंच अनेक वर्षं सांगत आहेत की बाईची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद करा, तिचं ओळखपत्र तिच्या नावाने द्या, तळावर पाणी, संडास आणि पाळणाघर द्या, स्थलांतराच्या ठिकाणी रेशन आणि अंगणवाडी मिळू द्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचं ठरलं, संत भगवानबाबा यांच्या नावाने मुला-मुलींची वसतिगृहं मंजूर झाली. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे काय करायचं हे ठाऊक नाही, असं कुणीच म्हणू शकत नाही.

घराच्या आतली वाटणी मात्र कुठलंही महामंडळ करून देणार नाही. पुण्यात एमआयडीसीत कामाला गेलेली बीडची पोरं खोली करून राहतात, पाळी लावून स्वयंपाक करतात, कपडे धुतात. त्यांना ते येतं. तळावर तोच गडी भरणीनंतर खाटेवर बसतो आणि बाई चुलीपाशी जाते, तेव्हा प्रश्न जमण्या-न जमण्याचा नसतो. एक घागर त्याने आणली, लेकराला त्याने भरवलं, तर तिला मिळणारी अर्ध्या तासाची झोप ही त्या तळावरची खरीखुरी समानता आहे. ती आज रात्रीपासून सुरू होऊ शकते, तिला शासननिर्णय लागत नाही.

साखर कारखाने सहकारी आहेत तिथे त्यांचे मालक हजारो ऊस उत्पादक सभासद आहेत, आणि त्यांना वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. त्या सभेत उसाचा भाव विचारला जातो, उतारा विचारला जातो. हे वाचणाऱ्यांपैकी जे कुणी सभासद असतील, त्यांनी येत्या सभेत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या उसाच्या तळावर संडास किती? पाळणाघर कुठे आहे आणि तिथल्या बाईला मजुरी किती? आणि आपला ऊस ज्या बाईने तोडला, तिचं नाव कारखान्याच्या कोणत्या कागदावर आहे?